पित्तनलिकेत राहिलेला खडा: विरघळवायचा की काढायचा?

पित्ताशय काढून टाकल्यावरही पित्ताचा खडा पोटात शिल्लक राहू शकतो. खडे बहुतेक वेळा पित्ताशयात तयार होतात, पण त्यांतला एखादा ऑपरेशनच्या आधीच पित्ताशयाच्या बारीक नळीतून घसरून मुख्य पित्तनलिकेत उतरलेला असतो. पित्ताशय निघते, टाके सुकतात, रुग्ण घरी जातो. मग काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, डोळे पिवळे दिसू लागतात, लघवी गडद होते, उजव्या बरगडीखाली कळ येते, थंडी वाजून ताप भरतो. ‘पिशवीच काढली, मग खडा आला कुठून?’ असे घरचे लोक विचारतात आणि त्यांचे विचारणे रास्तच असते. पित्ताशयात खडे असलेल्या शंभरांपैकी दहा-पंधरा जणांच्या मुख्य नलिकेतही खडा सापडतो. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांच्या आत आढळलेला खडा राहून गेलेला आणि त्यापुढचा नव्याने झालेला, असा डॉक्टरांमध्ये ढोबळ संकेत आहे.

ही नलिका म्हणजे यकृतातून निघणाऱ्या पित्ताचा आतड्याकडे जाणारा एकमेव रस्ता. निरोगी माणसात तिची रुंदी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. यकृत दिवसाला साधारण ६०० ते १००० मिलिलिटर पित्त तयार करते आणि ते सगळे याच वाटेने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात उतरते. नलिकेच्या तोंडाशी स्नायूंची एक वळी असते. इटलीतल्या रुग्गेरो ओड्डी याने १८८७ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. स्वादुपिंडाची नळीही बहुतेकांत इथेच येऊन मिळते. त्यामुळे चण्याएवढा खडा या तोंडाशी अडकला, तर एका बाजूला कावीळ आणि दुसऱ्या बाजूला स्वादुपिंडाचा दाह, अशी दुहेरी आपत्ती ओढवू शकते. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की ते रक्तात शिरायला वेळ लागत नाही. पित्ताशयातला खडा वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो. नलिकेतल्या खड्याचा मात्र असा भरवसा धरता येत नाही.

‘डॉक्टर, औषधाने विरघळणार नाही का?’ हा प्रश्न ठाण्या-डोंबिवलीतल्या कोणत्याही शल्यचिकित्सकाच्या ओपीडीत हमखास येतो. तो भाबडा वाटतो, पण वैद्यकाने त्यावर शंभर वर्षे गंभीरपणे काम केले. खडा विरघळवणारे द्रव शोधले, ते थेट नलिकेत सोडायच्या युक्त्या काढल्या, शेकडो रुग्णांवर ते वापरले आणि त्यातल्या एका औषधाला अमेरिकेत सरकारी मान्यताही मिळाली. आज ही पद्धत जवळजवळ वापरातून गेली आहे. ती का गेली हे समजले, की आजचा उपचार असा का, हेही समजते.

आधी खडा कशाचा, ते पाहावे लागते. पित्ताचे खडे ढोबळमानाने तीन जातींचे. पहिली कोलेस्टेरॉलची: पिवळसर, गुळगुळीत किंवा खडबडीत, कापल्यावर आत चकचकीत स्फटिक दिसणारे. दुसरी काळ्या रंगद्रव्याच्या खड्यांची: लहान, ठिसूळ, कोळशासारखे. रक्तातल्या तांबड्या पेशी जास्त फुटणाऱ्या आजारांत किंवा यकृत आकसल्यावर ते होतात. तिसरी तपकिरी, मऊ, मातकट खड्यांची. हे बहुधा नलिकेतच जन्मतात. तुंबलेल्या पित्तातले जंतू बिलिरुबिनला सुटे करतात, ते कॅल्शियमशी जोडले जाते आणि थरावर थर चढतात. प्रत्यक्षात बरेच खडे मिश्र असतात आणि त्यांत कॅल्शियमचे कवचही असू शकते.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. कपड्यावरचा तुपाचा डाग नुसत्या पाण्याने जात नाही, तसेच हे. पित्तातले क्षार आणि लेसिथिन त्याला धरून ठेवतात. त्यांची ताकद कमी पडली की कोलेस्टेरॉलचे स्फटिक सुटतात आणि खडा वाढू लागतो. म्हणजे कोलेस्टेरॉलचा खडा विरघळवायचा तर एक तर पित्तक्षार वाढवायला हवेत, नाही तर चरबी विरघळवणारा एखादा द्रव खड्यापर्यंत पोचवायला हवा. पोटातून घ्यायच्या गोळ्यांनी पहिला मार्ग धरला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये किनोडिऑक्सिकोलिक आम्लावर झालेले काम १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याची जागा अधिक सौम्य अर्सोडिऑक्सिकोलिक आम्लाने घेतली. हे औषध आजही मेडिकलच्या दुकानात मिळते. पण त्याचा उपयोग पित्ताशयातल्या छोट्या, कॅल्शियम नसलेल्या, पित्तात तरंगणाऱ्या खड्यांपुरता, आणि तोही महिनोन्‌महिने गोळ्या घेतल्यावर. नलिकेतला अडलेला खडा एवढा वेळ देत नाही. म्हणून दुसरा मार्ग, नळीवाटे औषध सोडण्याचा.

या मार्गाची कथा वाटते त्यापेक्षा जुनी आहे. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख याने पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १८८२ मध्ये केली आणि त्यानंतर अवघ्या ९ वर्षांनी, १८९१ मध्ये, वॉकर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने ‘लॅन्सेट’मध्ये ईथर आत सोडून खडे घालवल्याचे लिहिले. पण वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली ती जर्मन शल्यविशारद हान्स केर याच्या टी-ट्यूबमुळे. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची ही रबरी नळी. तिचे दोन्ही आखूड हात नलिकेत बसवायचे आणि लांब दांडा पोटाच्या भिंतीतून बाहेर काढून पिशवीला जोडायचा. नलिका उघडून खडे काढल्यावर शल्यचिकित्सक ती ठेवत आणि आठ-दहा दिवसांनी त्याच नळीतून रंगद्रव सोडून एक्स-रे काढत. त्या चित्रात एखादी गोल काळी पोकळी दिसली, की खडा राहिला हे कळे. अशा वेळी पोट पुन्हा उघडणे रुग्णालाही नको असे आणि सर्जनलाही. शिवाय नलिकेपर्यंत पोचणारी एक नळी आयतीच हातात असे. तिच्यातून काहीतरी सोडून पाहावे, ही कल्पना सुचणे स्वाभाविकच होते.

बर्लिनच्या ब्रूनो प्रिब्राम याने १९३० च्या दशकात टी-ट्यूबमधून ईथर सोडण्याची पद्धत रूढ करण्याचा प्रयत्न केला. ईथर कोलेस्टेरॉल उत्तम विरघळवते. त्याचा उत्कलनबिंदू मात्र सुमारे ३५ अंश सेल्सियस, म्हणजे शरीराच्या तापमानापेक्षा कमी. आत गेलेले ईथर तिथेच उकळून वायू होई, नलिका ताणली जाई, रुग्ण वेदनेने कळवळे आणि वर भूल चढल्यासारखी गुंगीही येई. क्लोरोफॉर्मचाही प्रयोग झाला. ते उकळत नसे, पण यकृताला विषारी. परीक्षानळीत खडा विरघळवणारा द्रव आणि माणसाच्या पोटात सोडता येईल असा द्रव, या दोन गोष्टींतले अंतर पहिल्या पन्नास वर्षांत कुणालाच कापता आले नाही.

१९७० च्या दशकात पुन्हा उचल घेतली गेली, ती जरा शहाणपणाने. शरीराला परके नसलेले द्रव शोधले जाऊ लागले. हेपारिन घातलेले सलाइन काही काळ चालले. त्यातून मिळालेले यश बऱ्याच अंशी नुसत्या धुण्याचे असावे, असा संशय पुढे बळावला. लहान खडे सलाइनच्या धारेने सैल होऊन आतड्यात उतरतातच. सोडियम कोलेट या पित्तक्षाराचे द्रावण तासाला सुमारे ३० मिलिलिटर या वेगाने दिवसरात्र, कधी दोन आठवडे सोडले जाई. त्याने काही खडे खरोखर नाहीसे झाले, पण इतके पित्तक्षार आतड्यात उतरल्यावर जुलाब अटळ होते.

मग आले मोनो-ऑक्टॅनॉइन. या सगळ्या इतिहासातले सर्वांत लक्ष देण्याजोगे औषध हेच. ग्लिसरॉल आणि ऑक्टॅनोइक आम्ल यांच्या संयोगातून ते बनते. हे आम्ल म्हणजे नारळाच्या तेलात थोड्या प्रमाणात असणारे मध्यम लांबीचे मेदाम्ल. (म्हणून खोबरेल पिऊन खडा जाईल असे नव्हे. पोटात गेलेले तेल आतड्यात पचून जाते, ते पित्तनलिकेत उलटे चढत नाही.) खाद्यपदार्थांत तेल-पाणी एकजीव करण्यासाठी असा पदार्थ आधीपासून वापरात होता. तो कोलेस्टेरॉल चांगले विरघळवतो, १०० मिलिलिटरला सुमारे १२ ग्रॅम, आणि पित्तक्षारांपेक्षा वेगाने. मेयो क्लिनिकमधील जॉनसन थिसल, अ‍ॅलन हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे गुणधर्म आणि रुग्णांवरील वापर १९८० मध्ये प्रसिद्ध केला. १९८५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. रुग्णसंख्या थोडी असलेल्या आजारांवरच्या औषधांसाठी तिथे जी खास सवलत आहे, त्या गटात ते होते.

ते देण्याची रीत सोपी नव्हती. टी-ट्यूब असेल तर तिच्यातून, नसेल तर नाकातून घशावाटे, जठर ओलांडून, दुर्बिणीच्या साहाय्याने नलिकेत सोडलेल्या लांब बारीक नळीतून औषध जाई. नळीचे टोक खड्याला जवळजवळ टेकलेले असावे लागे. खोलीच्या तापमानाला हा द्रव दाट, म्हणून तो शरीराइतका कोमट ठेवून, कधी थोडे निर्जंतुक पाणी मिसळून, पंपाने तासाला ३ ते ५ मिलिलिटर एवढाच सोडायचा. नलिकेतला दाब वाढू द्यायचा नाही. दाब ३० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास गेला की यकृत पित्त सोडायचे थांबते आणि दूषित पित्त रक्तात ढकलले जाण्याचा धोका असतो. म्हणून वाटेत एक उघडी उभी नळी जोडत. दाब ठरलेल्या उंचीपलीकडे गेला की द्रव तिच्यातून बाहेर सांडे. जेवणाच्या वेळी पंप बंद. दोन-तीन दिवसांनी एक्स-रे. आठवडा-दहा दिवसांत फरक दिसला नाही, तर उपचार थांबवायचा. रुग्णाला या सगळ्या काळात मळमळ, पोटदुखी, जुलाब यांतले काही ना काही होणारच, असे धरून चालावे लागे.

इथे एक साधा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. यकृतातून दिवसाला ६०० ते १००० मिलिलिटर पित्त येते, म्हणजे तासाला २५ ते ४०. औषध जाते तासाला ३ ते ५. म्हणजे खड्याभोवतीच्या द्रवात औषधापेक्षा पित्त कितीतरी पट जास्त, आणि तेही सतत वाहणारे. नळीचे टोक खड्यापासून थोडे सरकले, की खड्याला लागण्याआधीच औषध पातळ होऊन आतड्यात निघून गेले. वेग वाढवावा तर दाब वाढतो. रसायन बरोबर होते; नलिका मात्र भांडे नव्हती, वाहता प्रवाह होती. या पद्धतीचे यश आणि अपयश दोन्ही या एका अडचणीत सापडते.

आकडेही तेच सांगतात. पामर आणि हॉफमन यांनी १९८६ मध्ये ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात ३४३ रुग्णांचा अनुभव एकत्र मांडला. दोनशेहून अधिक रुग्णालयांतून तो गोळा केला होता. खडे पूर्णपणे विरघळले ते सुमारे चौथाई रुग्णांत. आणखी काहींत खडा लहान झाला आणि मग काढायला सोपा गेला. दुष्परिणाम निम्म्याहून अधिक जणांना झाले; बहुतेक सौम्य, काही गंभीर. कावीळ उतरलेली नसेल, नलिकेत जंतुसंसर्ग असेल किंवा यकृत कमजोर असेल, तर हे औषध देणे धोक्याचे. दुर्दैव असे, की खडा अडलेल्या रुग्णात यांतले काहीतरी असतेच.

मेयो क्लिनिकनेच १९८५ मध्ये दुसरा द्रव पुढे आणला: मिथाइल टर्शरी ब्युटाइल ईथर. हे पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे रसायन. त्याचा उत्कलनबिंदू ५५ अंश, त्यामुळे जुन्या ईथरसारखे ते पोटात उकळत नाही, आणि कोलेस्टेरॉलचा खडा त्यात दिवसांऐवजी तासांत विरघळतो. पित्ताशयात त्याने कमाल केली. त्वचेतून यकृतावाटे नळी घालायची, मिनिटाला अनेकदा द्रव आत ढकलायचा आणि ओढून घ्यायचा. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५ रुग्णांच्या अनुभवात ७२ जणांचे खडे ९५ टक्के किंवा त्याहून अधिक विरघळले. पित्ताशय ही बंद पिशवी. द्रव तिथे थांबतो. नलिकेत तो थांबत नाही. पित्तापेक्षा हलका असल्याने वर तरंगतो, खड्याला बगल देतो, आतड्यात ओघळतो आणि तिथून रक्तात शोषला जातो. मग गुंगी, उलट्या, आतड्याच्या अस्तराचा दाह, क्वचित रक्तपेशींचा नाश. रुग्णाच्या श्वासाला त्याचा वास येई. साध्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा त्यात टिकत नसत, म्हणून काचेच्या वापराव्या लागत, आणि तो ज्वालाग्राही असल्याने खोलीत हवा खेळती ठेवावी लागे. एखाद्या साध्या नर्सिंग होमच्या खाटेशेजारी हा पदार्थ ठेवण्याची कल्पनाही नकोशी वाटावी.

रंगद्रव्याच्या खड्यांसमोर दोन्ही औषधे हतबल होती, कारण त्या खड्यांत विरघळण्याजोगे कोलेस्टेरॉलच थोडे. त्यांच्यासाठी कॅल्शियमला पकडून ठेवणाऱ्या ईडीटीए या रसायनाची द्रावणे वापरून पाहिली गेली. प्रयोगशाळेत आशा दिसली, रुग्णालयात फारसे काही हाती लागले नाही.

भारतात खड्याच्या जातीचा हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो, आणि त्यातला एक जुना धागा मुंबईशी जोडलेला आहे. पश्चिम रेल्वेचे वैद्यकीय अधिकारी एस. एल. मल्होत्रा यांनी देशभरातल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून केलेला अभ्यास १९६८ मध्ये ‘गट’मध्येच छापून आला होता. उत्तर भारतातल्या कर्मचाऱ्यांत पित्ताच्या खड्यांचे प्रमाण दक्षिणेतल्यांपेक्षा सुमारे सात पट असल्याचे त्यांना आढळले. पुढच्या संशोधनात हेही दिसले, की उत्तरेकडचे खडे मुख्यतः कोलेस्टेरॉलचे आणि दक्षिणेकडे रंगद्रव्याच्या खड्यांचा वाटा मोठा. महाराष्ट्र या दोन टोकांच्या मधे. त्यातही ठाण्यात माजिवड्यापासून मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवलीपर्यंत घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंना गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींमध्ये कोकणातला चाकरमानी, उत्तर प्रदेशातले कुटुंब, केरळी परिचारिका आणि गुजराती व्यापारी एकाच जिन्यावर राहतात. पत्ता पाहून खड्याची जात सांगता येत नाही. ऑपरेशननंतर छोट्या डबीत घालून नातेवाइकांच्या हाती दिले जाणारे खडे अनेकजण काही दिवसांनी फेकून देतात. विरघळवण्याच्या उपचाराच्या काळात मात्र त्या डबीला मोल होते. नलिकेत राहिलेला खडा बहुधा त्याच कुळीचा, म्हणून बाहेर आलेला खडा आधी औषधात टाकून तो विरघळतो का ते पाहता येई.

औषध मागे पडले ते मुख्यतः खडा सरळ बाहेर काढण्याच्या रीती पुढे गेल्यामुळे. पहिली रीत टी-ट्यूबवरच उभी होती. चार ते सहा आठवड्यांनी नळीभोवती पक्का मार्ग तयार होतो. नळी काढून त्याच वाटेने क्ष-किरणांच्या नजरेखाली तारेची छोटी टोपली आत घालायची आणि खडा पकडून ओढायचा. योआखिम बुर्‍हेने या रेडिओलॉजिस्टने ही पद्धत १९७३ पासून प्रसिद्ध केली आणि १९८० मध्ये ६६१ रुग्णांत ९५ टक्के यश नोंदवले. मोनो-ऑक्टॅनॉइनला मान्यता मिळण्याच्या ५ वर्षे आधीच त्याच्या तोडीचे नव्हे, तर त्याला कितीतरी मागे टाकणारे साधन हजर होते. औषधाच्या वाट्याला उरले ते टोपलीने न निघणारे खडे.

दुसरी रीत अधिक दूरगामी. १९७३-७४ मध्ये जर्मनीत क्लासेन आणि डेमलिंग यांनी आणि जपानमध्ये कावाई यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने ओड्डीची वळी आतून कापून नलिकेचे तोंड मोठे केले. पोटावर एकही छेद नाही. हीच आजची ईआरसीपी. रुग्णाला गुंगी देऊन, बाजूला पाहणारी दुर्बीण आतड्यापर्यंत नेली जाते, नलिकेच्या तोंडातून तार सरकवली जाते, रंगद्रव सोडून खडा पडद्यावर पाहिला जातो, तोंडाला छोटा काप देऊन फुग्याने किंवा टोपलीने खडा आतड्यात ओढला जातो. तिथून तो शौचावाटे जातो. अनुभवी हातांत दहापैकी नऊ रुग्णांची नलिका अशी मोकळी होते. १५ मिलिमीटरहून मोठे किंवा अडचणीच्या जागी रुतलेले खडे आत फोडावे लागतात: यांत्रिक टोपलीने चिरडून, किंवा नलिकेत शिरणाऱ्या बारीक दुर्बिणीतून लेसर वा विद्युत्‌लहरींनी. ही प्रक्रिया धोक्याशिवाय नाही. शंभरातल्या पाचेक जणांना तिच्यानंतर स्वादुपिंडाचा दाह होतो. रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडणे त्याहून विरळ.

महाराष्ट्रात या बदलाला दोन नावे जोडलेली आहेत. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. मोठा छेद गेला आणि त्याबरोबर नलिका उघडून टी-ट्यूब ठेवण्याची जुनी रूढीही ओसरली. नलिकेतला खडा पोटविकारतज्ज्ञाने ऑपरेशनच्या आधी किंवा नंतर दुर्बिणीने काढायचा, पित्ताशय सर्जनने काढायचे, अशी विभागणी रुळली. दुर्बिणीच्या या शाखेत मुंबईतच काम केलेले डॉ. अमित मायदेव यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली. टी-ट्यूब ज्या रुग्णाच्या पोटात नाही, त्याच्या नलिकेत औषध सोडायला वाटच उरली नाही. नाकातून नळी घालायची तर आधी ईआरसीपीच करावी लागते. आणि तिथवर पोचल्यावर खडा न काढता आठवडाभर औषध ठिबकवत बसण्यात अर्थ उरत नाही. मोनो-ऑक्टॅनॉइन बाजारातून निघून गेले, त्याचा फारसा बोभाटाही झाला नाही.

विरघळवण्याच्या कल्पनेचा एक अवशेष अजून टिकून आहे. खडा फार मोठा असेल, रुग्ण फार वृद्ध असेल, तर नलिकेत प्लॅस्टिकचा स्टेंट घालून पित्ताला वाट करून देतात आणि काही महिन्यांनी पुन्हा प्रयत्न करतात. या काळात खडा स्टेंटला घासून थोडा झिजतो, कधी तुटतो. सोबत अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल दिल्याने तो आणखी लहान होतो का, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. श्रेय बहुधा स्टेंटचेच जास्त.

घरगुती उपायांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. कुळथाचे कढण आपल्याकडे मुतखड्यावर पूर्वापार घेतले जाते, आणि तेच पित्ताच्या खड्यालाही लागू पडेल असे अनेकांना वाटते. दोन्ही खडे असले तरी एक लघवीच्या वाटेवरचा, क्षारांचा. दुसरा पित्ताच्या वाटेवरचा, चरबीचा किंवा रंगद्रव्याचा. प्यायलेल्या पाण्याचा अंश मूत्रपिंडातून जातो, पित्तनलिकेतून खड्याला धूत जात नाही. दुसरा प्रकार ऑलिव्ह तेल आणि लिंबाच्या किंवा सफरचंदाच्या रसाचा, मोबाइलवर फिरणारा. दुसऱ्या दिवशी शौचात हिरवे मऊ गोळे दिसतात आणि खडे पडले म्हणून आनंद होतो. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अशा गोळ्यांचे पृथक्करण छापून आले: त्यांत कोलेस्टेरॉल नव्हतेच, ते तेलापासून आतड्यात बनलेल्या साबणाचे गोळे होते. यात पैसे जातात ते जाऊ देत, पण कावीळ झालेल्या माणसाचे चार दिवस जातात. पिवळे डोळे दिसल्यावर ‘कावीळ उतरवणाऱ्या’कडे जाण्याची रीत ठाणे जिल्ह्यात अजून संपलेली नाही. यकृताची विषाणूजन्य कावीळ बहुधा आपली आपण उतरते, त्यामुळे अशांना यश येत राहते. अडलेल्या खड्याची कावीळ मात्र उतारा, मंत्र, पथ्य कशालाच दाद देत नाही.

आजच्या रुग्णाचा क्रम साधारण असा. कावीळ किंवा कळ आली, की रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत नलिका फुगलेली दिसते, पण तिच्या खालच्या टोकाचा खडा आतड्यातल्या वायूमुळे बरेचदा लपतो. ‘सोनोग्राफी नॉर्मल’ म्हणजे नलिका मोकळी, असे समजू नये. शंका असेल तर एमआरसीपी, म्हणजे एमआरआय यंत्रावर काढलेले पित्तनलिकांचे चित्र. त्यात सुई नाही, दुर्बीण नाही. फार बारीक खडे त्यातही सुटतात आणि तेव्हा टोकाला सोनोग्राफी बसवलेली दुर्बीण उपयोगी पडते. घोडबंदर रोडच्या परिसरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयांत या तपासण्या मिळतात. खर्च न झेपणारे कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाचा रस्ता धरतात किंवा ठाणे-कल्याणहून लोकलने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, नाही तर परळला केईएममध्ये पोचतात.

थंडी वाजून ताप, कावीळ आणि उजव्या कुशीत दुखणे ही तीन लक्षणे एकत्र आली तर तो नलिकेतला जंतुसंसर्ग समजावा. त्यात रक्तदाब उतरला किंवा माणूस बरळू लागला, तर काही तासांचा प्रश्न असतो. प्रतिजैविके ताबडतोब आणि तुंबलेल्या पित्ताला वाट एक-दोन दिवसांच्या आत, प्रकृती ढासळत असेल तर त्याहून लवकर, द्यावी लागते. गायमुखपासून कापूरबावडीपर्यंतची संध्याकाळची कोंडी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ईआरसीपी रात्रीही होते, हे पित्ताशयात खडे असलेल्या माणसाच्या घरच्यांनी आधीच विचारून ठेवावे. पहिल्या तीन ठिकाणी ‘ही सोय आमच्याकडे नाही’ हे ऐकण्यात जाणारा वेळ वाचतो.

आणि स्टेंटचे विसरू नये. खडा काढताना किंवा काढता न आल्याने नलिकेत ठेवलेला प्लॅस्टिकचा स्टेंट कायमचा नसतो. साधारण तीन महिन्यांत तो काढावा किंवा बदलावा लागतो. राहिला तर त्याच्यावर गाळ साचतो, तो बंद पडतो आणि त्याच्याभोवती नवे खडे धरतात. कावीळ उतरली, भूक लागली, माणूस गावी गेला आणि स्टेंट दोन-दोन वर्षे पोटात राहिला, असे होते. डिस्चार्ज कार्डावर स्टेंट टाकल्याची नोंद आहे का ते पाहावे, तो काढायची तारीख डॉक्टरांकडून लिहून घ्यावी, आणि ते कार्ड घरातल्या दुसऱ्या कुणालाही सापडेल अशा जागी ठेवावे.